ताबा पावतीवरची वेळ

या अंकासाठी संपादकांनी यंदा ‘मालकी’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे घर आलं नाही की शेत आलं नाही. ट्रक आला. माझे मामा उभा जन्म ट्रकवर होते. आलापल्ली-अहेरीकडचा बांबू भरून बल्लारपूरच्या कागद कारखान्यात आणायचा आणि रिकामी गाडी घेऊन पुन्हा जंगलात शिरायचं. पावसाळ्यात नाले चढले की तीन-तीन दिवस गाडीतच मुक्काम. ज्यांची गाडी चालवली त्यांना ते शेवटपर्यंत शेठ म्हणाले आणि गाडीला मात्र ‘आपली गाडी’ म्हणाले. स्वतःची जुनी गाडी घ्यायचं एकदा ठरलं होतं, बयाणाही देऊन झाला होता. मग कळलं की विकणाऱ्याचे हप्ते थकलेले होते आणि ताबा मिळायच्या आतच ती गाडी ओढून नेली गेली. बयाणा बुडाला. त्यानंतर आमच्या घरात हा विषय कुणी काढला नाही.

दुसऱ्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर स्वतःची पहिली गाडी घेतो, चालक-मालक होतो, ते मला जवळून पाहायचं होतं. नवी गाडी त्याच्या आवाक्यात नसते. त्याची पहिली गाडी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असते. म्हणून पोळा झाल्यावर मी चंद्रपुरात आले आणि पुढचे काही दिवस अशाच एका माणसाच्या मागे हिंडले. मूल तालुक्यातला, पस्तिशीच्या आतबाहेरचा. बारा वर्षं ट्रेलरवर काढलेली. त्याचं नाव इथे देत नाही, कारण त्याचं पोट अजून ज्यांच्यावर आहे ती माणसं हा अंक वाचतात.

पडोलीची सकाळ

नागपूरहून येताना शहर लागण्याआधी पडोलीचा चौक लागतो. इथून घुग्घूसचा रस्ता फुटतो. घुग्घूसकडे वेकोलिच्या कोळसा खाणी, सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने. शहराच्या दुसऱ्या अंगाला दुर्गापूरच्या खाणी आणि महाऔष्णिक वीज केंद्र. या सगळ्यांमधला माल हलवणारी चाकं कधी ना कधी पडोलीला थांबतात. पाटेवाला, रेडिएटरवाला, टायरवाला, बॅटरीवाला, ताडपत्रीवाला, ट्रान्सपोर्टच्या खोल्या. रस्त्याकडेची धूळ इथे दोन रंगांची असते. कोळशाची काळी आणि राखेची करडी.

सकाळचे सात वाजले नव्हते. सोबत आलेल्या मिस्त्रींनी आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, की गाडी पाहायला आपण येईपर्यंत तिला सेल मारू नका. जुनी गाडी थंड इंजिनवर पाहायची असते. थंड इंजिन किती फेऱ्यांत लागतं आणि लागताना कोणत्या रंगाचा धूर सोडतं, यावर तिची निम्मी कुंडली कळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर बराच वेळ राहिला तर एकतर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी.

आम्ही पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. मिस्त्रींनी बॉनेटजवळ हात नेला, मागे घेतला आणि काही बोलले नाहीत. तरीही सगळं पाहिलं. चालू इंजिनवर ऑइल टाकायचं झाकण काढलं, तर तिथून फुसफुस हवा आणि धूर येत होता. म्हणजे रिंगा झिजलेल्या, इंजिन लवकरच बांधायला येणार. मग ते गाडीखाली गेले. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवरून बोटं फिरवत गेले आणि एका जागी थांबले. तिथे रंग ताजा होता. रंगाखाली वेल्डिंग.

“इंजिन बांधता येते ताई. चेसिस बांधता येत नाही,” ते बाहेर येऊन म्हणाले.

ट्रेलरमध्ये दोन जीव असतात. पुढचा घोडा आणि मागची ट्रॉली. नवखा माणूस घोड्याकडे पाहत राहतो, कारण इंजिन, केबिन, चकाकणारे आरसे सगळं पुढे असतं. मिस्त्रींनी जास्त वेळ ट्रॉलीला दिला. घोड्याच्या पाठीवरचं टर्न टेबल आणि त्यात अडकणारी ट्रॉलीची किंगपिन यांत किती ढील आहे, हे गाडी किंचित पुढे-मागे करून पाहिलं. ठक असा आवाज आला की समजायचं, जबडा झिजला आहे. मागच्या ॲक्सलची टायरं एका बाजूने खाल्ली गेली होती. याचा अर्थ ट्रॉली सरळ चालत नाही, तिरकी ओढली जाते. ती टायर खाते आणि डिझेलही खाते. टायरांवर नक्षी भरपूर होती, पण ती रबर चढवलेल्या टायरांची होती. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत जातो. त्या डांबरावर, पूर्ण लोडमध्ये, चढवलेलं रबर सालासारखं सुटतं. एका ट्रेलरला १४, १८ किंवा २२ टायर असतात. गाडी स्वस्त मिळाली आणि टायर बदलावे लागले, तर स्वस्ताई तिथेच संपते.

पाट्यांमध्ये एक जादाचं पान घातलेलं होतं. ते पाहून आमचा ड्रायव्हर स्वतःच बोलला, की ही गाडी खूप ओव्हरलोड चालली आहे. त्याने स्वतः बारा वर्षं अशाच गाड्या चालवल्या होत्या. ओव्हरलोड गाडी कशी ओढायची हे त्याला ठाऊक होतं. ती विकत घ्यायची नसते, हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा समजलं, असं तो नंतर चहा पिताना म्हणाला.

नावातच वजन

ट्रकवाल्यांच्या बोलण्यात आकडे असतात. पंचवीस-अठरा, एकतीस-अठरा, सदतीस-अठरा. त्याची फोड सोपी आहे. टाटा असो की लेलँड, पहिले दोन आकडे साधारणपणे गाडी आणि माल मिळून एकूण टन सांगतात आणि पुढचे दोन इंजिनाची ताकद. २५१८ म्हणजे पंचवीस टन आणि १८० अश्वशक्तीच्या आसपास. म्हणून या धंद्यात गाडीचं नाव ऐकलं की तिची कमाई कळते.

पण २०१८ मध्ये इथे एक मेख बसली. त्या वर्षीच्या जुलैत केंद्राने ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दहाचाकी गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं, ४९ टनांचे ट्रेलर ५५ टनांवर गेले. त्यामुळे एकाच बांध्याच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात आणि त्यांच्या आरसी बुकातलं वजन वेगळं असतं. दलाल तोंडी नवं वजन सांगतो. वजनकाट्यावर मात्र आरसीत लिहिलेलंच धरलं जातं. दहाचाकीत साडेतीन टनांचा फरक म्हणजे दर फेरीला साडेतीन टनांचं भाडं. वर्षाकाठी तो किती होतो हे प्रत्येकाने आपल्या फेऱ्यांनी गुणून पाहावं. आरसीपेक्षा जास्त भरलं तर दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. माल उतरवण्याचा खर्च वेगळा. पूर्वी हाच दंड २,००० आणि टनाला १,००० होता. २०१९ च्या कायदादुरुस्तीने तो वाढला आणि महाराष्ट्रात वाढीव दंड २०२१ च्या डिसेंबरपासून लागू झाला. जुन्या काळचं ‘थोडं वर भरू’ हे गणित ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी या दराने एकदा हिशेब करावा.

दुसरा आकडा बीएसचा. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं, एप्रिल २०२० पासून बीएस-६. बीएस-६ गाडीत धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी लागतं, जागोजागी सेन्सर असतात, आणि एखादा सेन्सर रुसला की इंजिन आपली ताकद आवळून घेतं. बीएस-४ मध्ये टाटाने युरियाची वाट धरली होती, तर लेलँडने आयईजीआर हे तंत्र लावून युरिया टाळला होता. एटापल्लीच्या पुढे रात्री गाडी बंद पडली, तर तिथे लॅपटॉप घेऊन येणारा कुणी नसतो. म्हणून जंगलाच्या लाइनवर धावणारे आजही युरिया नसलेली बीएस-४ गाडी शोधतात. ती समजूत चुकीची नाही. पण त्या गाडीचं आता वय झालं आहे हे त्या समजुतीत धरलेलं नसतं. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी होतो, त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षांनंतर पर्यावरण कर सुरू होतो. नॅशनल परमिटलाही वयाची अट आहे. साध्या दोन ॲक्सलच्या ट्रकला १२ वर्षं, मल्टिॲक्सलला १५. दहा वर्षांची गाडी पाच वर्षांच्या हप्त्यावर घेणारा माणूस शेवटचा हप्ता भरतो, त्याच सुमाराला ती राज्याबाहेर जायला नालायक ठरते. कर्ज घेताना हे कुणी मांडून दाखवत नाही.

पेन्सिलीचा ठसा

दुसरी गाडी आम्ही नागपूरजवळ वाडीला पाहिली. अंगाने उत्तम होती. चेसिस सरळ, टायर बरे, इंजिन थंड. नंबर मात्र नागालँडचा. आपल्या रस्त्यांवर एनएल नंबराच्या गाड्या खूप दिसतात, कारण एकेकाळी तिथे पासिंग करून घेणं सोयीचं आणि स्वस्त पडायचं. विकणारा तिसरा मालक होता. पण आरसीत नाव पहिल्याचंच.

इथे मिस्त्रींचं काम संपलं आणि कागदांचं सुरू झालं. चंद्रपूरच्या आरटीओ कार्यालयाबाहेर कागदपत्रांचं काम करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना फोन लावला. त्यांनी आधी गाडीची किंमत विचारली नाही. चेसिस नंबरचा ठसा घेतलात का, एवढंच विचारलं. लोखंडावर खोदलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिलीने घासायचं. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण करायचो तसं. डोळ्यांना न दिसणारी खाडाखोड कागदावर दिसते. ट्रेलर असेल तर ट्रॉलीचाही ठसा घ्यायचा आणि दोन्ही कागदांशी ताडायचे.

मग त्यांनी एकेक विचारत नेलं. आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का? असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ कुठे आहे? बोजा उतरल्याचं विकणारा तोंडाने सांगतो. तो आरसीवरून उतरलेला दिसला पाहिजे. परराज्यातून आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, कोण आणून देणार? फॉर्म २९ आणि ३० वर सही पहिल्या मालकाची लागेल. तो आहे कुठे? ई-चलान किती थकलेत? टॅक्स कुठपर्यंत भरलाय? फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी कोणत्या तारखेला संपतात? यातलं बरंचसं आता मोबाइलवर परिवहनच्या ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून दिसतं. आमच्या ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये ते ॲप होतंच. त्यात तो आजवर फक्त स्वतःचं लायसन्स दाखवत आला होता.

वाडीचा विकणारा म्हणत होता, नोटरी करून देतो, स्टॅम्प लावतो, गाडी घेऊन जा, नाव सावकाश चढवू. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे वाक्य जितक्या सहज म्हटलं जातं, तितकं दुसरं कोणतंही नसेल. मला या लेखात एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती हीच. नोटरीच्या कागदाने गाडीचा मालक बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या नजरेत ज्याच्या नावावर नोंद तो मालक. गाडी हायपोथिकेशनवर असेल, तर त्या कराराखाली जिच्या ताब्यात आहे ती व्यक्ती. विक्री झाली की विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्याची बाब असेल तर ४५ दिवसांत कळवायचं असतं. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते.

नाव सावकाश चढवू म्हणणाऱ्यांचं काय होतं, हे नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात दिसलं. एक गाडी हातोहात विकली जात चौथ्या माणसापर्यंत गेली, नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली, आणि अपघात झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची. म्हणजे वर्षापूर्वी गाडी विकून पैसे घेऊन मोकळा झालेला माणूस कायद्याने मोकळा झालेला नसतोच. घेणाऱ्याचंही भलं होत नाही. दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो, असं कायदा मानतो. पण पॉलिसीवर नाव बदलायला १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. तो केला नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. आपला ट्रक घाटात उलटला आणि आपण कागदावर त्याचे कुणीच नसलो, तर विमा कंपनी आपल्याशी बोलणार तरी कशाला?

नागालँडची गाडी तिथेच राहिली. परत येताना तो गप्प होता. वरोऱ्याजवळ एवढंच म्हणाला, की लोखंड पाहा लागते हे माहीत होतं, कागद पाहा लागते हे नव्हतं.

हप्ता

रोख पैसे कुणाकडेच नसतात. बायकोचे दागिने, वडिलांच्या धानाचे पैसे, मेव्हण्याकडची उधारी असं मिळून पहिली रक्कम उभी राहते आणि बाकीचा फायनान्स. जुन्या ट्रकला कर्ज द्यायला बँका एकेकाळी दारात उभं करत नसत. पगारपत्रक नाही, बॅलन्स शीट नाही, तारण म्हणून फिरतं लोखंड. १९७९ मध्ये सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने, म्हणजे आजच्या श्रीराम फायनान्सने, नेमक्या याच माणसाला गिऱ्हाईक मानलं. जुन्या ट्रकसाठी कर्ज हा देशभराचा मोठा धंदा त्यातून झाला. आज त्यात कितीतरी कंपन्या आहेत. त्यांचा माणूस गावात येतो, घर पाहतो, जामीनदार पाहतो, गाडीची किंमत ठरवतो. व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त असतं आणि कर्ज कमी मुदतीचं मिळतं, कारण गाडीचं वय झालेलं असतं.

हप्ता ठरतो महिन्यावर. भाडं मात्र महिन्यावर येत नाही. ही या धंद्यातली खरी फट आहे आणि नवा मालक तिच्यातच पडतो. ट्रान्सपोर्टर गाडी भरताना डिझेलची पर्ची आणि थोडा ॲडव्हान्स देतो. उरलेलं भाडं पोच जमा झाल्यावर, बिल पास झाल्यावर, महिना-दीड महिन्याने. वजनात तूट निघाली तर तीही भाड्यातूनच कापली जाते, मग ती पावसात भिजून वाळलेल्या कोळशाची का असेना. दरम्यान डिझेल, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता, टोल, वाराई आणि पंक्चर रोख मागतात.

मी त्याला एक फेरी वहीत मांडायला लावली. समजा जाऊन-येऊन ४०० किलोमीटर, येताना भरलेली आणि जाताना रिकामी. लिटरला साडेतीन किलोमीटर धरले तर ११४ लिटर डिझेल. ९० रुपयांनी १०,००० रुपयांच्या वर फक्त डिझेल. मग टायरची झीज, ऑइल, भत्ता. विमा, टॅक्स, फिटनेस हे वर्षाचे खर्च फेऱ्यांवर वाटून. आणि सगळ्यात शेवटी त्याने स्वतःचा पगार लिहिला नव्हता. स्वतः चालवणार, मग पगार कशाला? मी म्हटलं, आज जो पगार मिळतो तो आधी लिही. लिहिल्यावर खाली उरलेला आकडा छोटा झाला. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसला. मालक झाल्यावरही त्याच्या हातात आजच्याहून फार जास्त पडणार नव्हतं. निदान हप्ते फिटेपर्यंत तरी. तरीही गाडी घ्यायचीच होती. हप्ते फिटल्यावर जे उरतं त्याला तो ‘पोरीचं शिक्षण’ म्हणत होता.

किंमत ठरवताना एक गोष्ट त्याच्या बाजूने होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची किंमत जुन्या भावावर धरून बसता येत नाही. काही दलाल अजून त्याआधीचे भाव सांगतात. घेणाऱ्याने हे तोंडावर बोलून दाखवायला हरकत नाही.

सुरजागडची लाइन

गेल्या काही वर्षांत चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ज्यांनी जुन्या गाड्या घेतल्या, त्यांतल्या कितीतरी जणांच्या मनात एकच नाव होतं. सुरजागड. एटापल्ली तालुक्यातल्या या डोंगरावरचं लोहखनिज. २०१६ मध्ये उत्खनन सुरू झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खनिज भरायला आलेल्या ट्रकची रांगच्या रांग पेटवून दिली. पुढे १ मे २०१९ च्या पहाटे कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक वाहनं जाळली गेली. त्याच दिवशी जांभूळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. त्या चालकाची आठवण ट्रकवाले अजून काढतात.

जळालेल्या गाडीचं काय होतं, हे मी आलापल्लीच्या एका जुन्या मालकाला विचारलं. त्याने उलट मलाच विचारलं, कोणता विमा होता? दंगल, घातपात, दहशतवादी कृत्य यांनी झालेलं नुकसान पूर्ण विम्यात, म्हणजे स्वतःच्या नुकसानीसह घेतलेल्या पॉलिसीत येतं. पण गाडी जुनी झाली की पैसे वाचवायला मालक फक्त थर्ड पार्टी विमा ठेवतो. कायद्याला तेवढा पुरतो. गाडी जळाली तर त्यातून एक रुपया येत नाही, हप्ते मात्र चालू राहतात. आज भीती ओसरली आहे. आग लागायला मात्र नक्षलवादीच लागतात असं नाही. वायरिंगचं एक शॉर्टसर्किटही पुरतं.

२०२१ पासून खाण पुन्हा जोरात सुरू झाली आणि एटापल्ली-आलापल्ली-आष्टी हा रस्ता ट्रकने भरून गेला. रस्त्याची चाळण झाली. दुचाकीवरची, सायकलवरची माणसं गेली. गावं रस्त्यावर उतरली. मी मामांच्या रस्त्यावरून जात होते, पण ओळखू येत नव्हता. सागाच्या पानांवर लाल धूळ होती. ट्रकवाल्याच्या बाजूने लिहितानाही हे लिहिलं पाहिजे, की त्या गावांचा राग खोटा नव्हता.

त्या लाटेत गाड्या घेतल्या गेल्या. मग जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. खनिज बारीक करून, पाण्यात कालवून, जमिनीखालून थेट चामोर्शी तालुक्यातल्या लॉईड्स कंपनीच्या कारखान्याकडे. रस्त्यासाठी, गावांसाठी, जंगलासाठी हे चांगलंच झालं. पण ज्याने पाच वर्षांचे हप्ते या एका लाइनवर बांधले, त्याचा माल आता नळातून वाहतो. कोळशातही वारं त्याच दिशेचं आहे. खाणीतून पट्ट्यांवर, पट्ट्यांवरून थेट वाघिणीत भरायच्या योजना कोल इंडियाने २०१९ पासून हाती घेतल्या आहेत. लहान अंतराचा, एकाच मालाचा, एकाच मालकाचा लोड हा जुन्या गाडीचा सर्वात आवडता लोड होता. तोच सर्वात आधी जाणार आहे.

म्हणून गाडीआधी लोड शोधावा, असं मी ठामपणे म्हणते. आणि एक नव्हे, तीन. हे दोन जिल्हे त्या बाबतीत गरीब नाहीत. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घूस इथलं सिमेंट बारमाही आहे. वीज केंद्राची राख सिमेंटवाल्यांना हवी असते. ती बल्करने जाते, आणि बल्कर म्हणजेही घोडा आणि मागे टाकीची ट्रॉली. मूल-वडसा-गडचिरोलीचा तांदूळ आहे. उन्हाळ्यात तेंदूपत्ता असतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखासारख्या ग्रामसभा २०११ पासून स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देतात. आलापल्ली-बल्लारशाचा साग आहे. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये इथूनच गेला. वनोपजाला टीपी (वाहतूक परवाना) लागते. ती नसेल तर मालाबरोबर गाडीही वन खात्याकडे अडकते. ड्रायव्हर म्हणून ती चिंता शेठची होती, मालक झाल्यावर स्वतःची.

बल्लारपूरची संध्याकाळ

तिसरी गाडी बल्लारपुरात मिळाली. विकणारे साठीच्या पुढचे, स्वतः चालक-मालक. गुडघे गेले म्हणून गाडी काढत होते. इंजिन थंड होतं. त्यांनी काय काय बिघडलं होतं ते न विचारता सांगितलं, क्राऊन-पिनियन दोन वर्षांपूर्वी बदललेला, त्याचं बिलही काढलं. आरसीवर बोजा उतरलेला. ट्रॉलीचा ठसा जुळला. वजनकाट्यावर रिकामी गाडी चढवून आरसीतल्या रिकाम्या वजनाशी ताडली. नंतर वाढवलेली बॉडी, जोडलेलं लोखंड तिथे बोलतं. बल्लारपूर ते राजुरा आणि परत अशी चालवून पाहिली, वर्धा नदीच्या पुलापलीकडच्या चढावर दुसऱ्या गिअरात थांबवून पुन्हा उचलली. भाव थोडा जास्त होता. त्याने घासाघीस केली, पण फार नाही.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. म्हाताऱ्यांनी सही करण्याआधी हात पुसले. पैसे बँकेतून गेले, रोख एक रुपया नाही. आणि मग आरटीओबाहेरच्या त्या गृहस्थांनी आणलेली ताबा पावती काढली. गाडीचा नंबर, दोन्ही चेसिस नंबर, किलोमीटरचा आकडा, टायरांचे नंबर, स्टेपनी, जॅक, ताडपत्री, दोर. तारीख. आणि तारखेपुढे वेळ: सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे.

वेळ कशाला, असं मी विचारलं. गाडी आज पाच-चाळीसच्या आधी कुठे धडकली असेल, एखादं चलान फाटलं असेल, तर ते विकणाऱ्यांचं, असं ते गृहस्थ म्हणाले. पाच-चाळीसनंतरचं त्याचं. सही झाल्याबरोबर विम्याचा अर्ज, आणि उद्या सकाळी आरटीओ.

हा अंक गडचिरोली-चंद्रपूरच्या ढाब्यांवर, ट्रान्सपोर्टच्या खोल्यांत, आरटीओच्या बाकड्यांवरही जातो. माझी त्या वाचकांना हात जोडून विनंती आहे. नोटरीवर गाडी घेऊ नका, देऊ नका. आणि ज्यांच्या कारखान्यांचा, खाणींचा माल ही माणसं ओढतात, त्यांनी एकट्या गाडीच्या मालकाचं भाडं पोच मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावं. त्याचा हप्ता तुमच्या बिलाची वाट पाहत नाही. नव्या मालकाने ताबा घेताना तारखेपुढे वेळ लिहावी. आमच्या मूलच्या ड्रायव्हरचं नाव गाडीवर चढलं, तेव्हा ताबा घेऊन एकोणीस दिवस झाले होते.